गर्दीची बंदरं

जेवणं झाल्यावर त्यानं टेबल पुसून कोरडं केलं आणि त्यावर नकाशा पसरला. चार कोपऱ्यांवर हाताला येईल ते ठेवलं: मिठाची बाटली, चष्म्याची डबी, दोन वाट्या. पेन्सिलीची रेघ किनाऱ्यावरून निघून बेटांच्या मागून वळसा घालत परत येत होती आणि तिच्यावर सात ठिकाणी बारीक वर्तुळं होती. सात रात्री, सात मुक्काम. बायको पदराला हात पुसत आली, वाकली, तिनं एका वर्तुळावर बोट ठेवलं. "इथं काय आहे?" "काहीच नाही," तो उत्साहानं म्हणाला. "तीच तर गंमत आहे. नुसती खाडी, चार झाडं. दुसरी बोटसुद्धा नजरेला पडणार नाही." बोट पुढच्या वर्तुळावर सरकलं. "आणि इथं?" "इथंही तसंच." तिनं सातही वर्तुळं एकेक करून पाहिली, चष्म्याच्या दुकानात कामावर असताना गिऱ्हाइकाच्या जुन्या काचांवरचे ओरखडे पाहायची तशी, न बोलता. मग कंबर सरळ करत म्हणाली, "त्यापेक्षा गर्दीची बंदरं घे ना. जिथं माणसं असतात, दुकानं असतात. शांत नको." आणि दोन्ही वाट्या उचलून आत गेली. नकाशाचे दोन कोपरे हळूच वर आले आणि गुंडाळले गेले.

तो तसाच बसून राहिला. आत नळ सुरू झाला. खरं तर यात लागण्यासारखं काही नव्हतं. कोणीही म्हणेल, बाईला माणसांत राहायला आवडतं, एवढंच. पण त्याला ते लागलं. एकतीस वर्षं त्याचा धंदा हाच होता. उन्हाळ्यात हौशी लोकांना यॉट भाड्यानं देणाऱ्या एका कचेरीत तो सफरी आखून द्यायचा. कुठून निघायचं, कुठल्या रात्री कुठल्या बंदरात थांबायचं, धक्क्याला बोट लावायला जागा मिळेल की नाही, पाणी कुठं भरायचं, वारा फिरला तर कुठं शिरायचं. स्वतः तो समुद्रावर फारसा गेला नव्हता. मालकांच्या आग्रहानं दोनतीनदा दुपारपुरता जाऊन आला असेल. पण टेलिफोनवरून आणि नकाशावरून त्याला सगळा किनारा पाठ होता, आंधळ्याला स्वतःचं घर पाठ असतं तसा. आता निवृत्तीला दोन महिने उरले होते, आणि मालकांनी त्याला बोलावून सांगितलं होतं, "आयुष्यभर लोकांना पाठवलंत, आता या उन्हाळ्यात तुम्ही दोघं जा. बत्तीस फुटी बोट, कप्तान आमचा, आठवडा तुमचा." तो केवढा खुशीत घरी आला होता. सगळ्यांपासून लपवून ठेवलेल्या जागा, ज्या त्यानं कधीच कुठल्या गिऱ्हाइकाला सांगितल्या नव्हत्या, त्या सात रात्रींत बसवायला त्याला पंधरा दिवस लागले होते.

गर्दीची बंदरं. हे शब्द त्यानं कानाला रिसीव्हर लावून कितीतरी वेळा ऐकले होते. बहुतेक लोक शांत जागा मागतात. शहरात दमलेले असतात, त्यांना खाड्या हव्या असतात, वाळू हवी असते. नवी लग्नं झालेले तर नकाशावर नाव नसलेली ठिकाणं मागतात. भांडणारी जोडपी दोन वेगळ्या खोल्यांची बोट मागतात, त्यांचंही काही वाटत नाही, भांडणं मिटतात. पण काही जोडपी, बहुधा पन्नाशीच्या पुढची, नीटनेटकी, एकमेकांशी सौजन्यानं वागणारी, न चुकता म्हणायची: भर हंगामात, सगळ्यांत मोठी, सगळ्यांत गजबजलेली बंदरं द्या, रोज नवं. शेजारच्या टेबलावरच्या टेलिफोनवाल्या बाई आणि तो, दोघांच्या हे फार वर्षांपूर्वी ध्यानात आलं होतं. बाई जिभेला तिखट होत्या. "अहो, ही भांडणारी नव्हेत," त्या म्हणाल्या होत्या, "यांचं बोलणं संपलंय. आता दुसऱ्यांचं ऐकायला जातायत." तेव्हापासून अशा फायलींवर तो कोपऱ्यात एक लहानसा 'ग' लिहायचा. हसायचे दोघं. एक निवृत्त न्यायाधीश आणि त्यांची बायको तर नऊ उन्हाळे जात राहिले. सफर झाली की आभाराच्या पत्राबरोबर फोटो पाठवायचे. फोटोत दोघं बोटीच्या मागच्या बाकावर शेजारी बसलेली असत, आणि दोघंही शेजारच्या बोटीकडे बघत असत. दहाव्या वर्षी एकट्या न्यायाधीशांचा फोन आला. या वेळी एखादी निवांत जागा सुचवा, म्हणाले. त्यानं सुचवली होती. बाईंनी त्या दिवशी विनोद केला नव्हता.

आणि आता त्याच्याच जेवणाच्या टेबलावर एका फायलीच्या कोपऱ्यात 'ग' पडला होता.

पुढचे काही दिवस तो घरातलं बोलणं मोजत राहिला. बोलणं नव्हतं असं नव्हतंच. गॅस संपत आलाय. किल्ली कुठं ठेवलीस? लेकीचा फोन आला होता, तिला बढती मिळाली. उद्या पाणी उशिरा येणार आहे. बायको चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करायची. गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा चढवून ती मान तिरकी करून विचारायची, "आता कसं दिसतंय?" हा प्रश्न ती दिवसातून चाळीस वेळा विचारत असेल. घरी आली की चपला काढायची, हात धुवायची, आणि खुर्चीत बसून पाच मिनिटं डोळे मिटायची. पूर्वी, म्हणजे लेक लहान असताना, ती गिऱ्हाइकांच्या नकला करायची. एक कंजूष गृहस्थ जुन्याच काचा उलट्या बसवून द्या म्हणत होता, त्याची नक्कल बघून हा जमिनीवर लोळला होता. त्या नकला कधी थांबल्या? त्याला वाटायचं, थांबल्या म्हणजे हळूहळू थांबल्या असतील, नळाची धार बारीक होत जाते तशा. पण ते खरं नव्हतं, आणि खरं नव्हतं हे त्याला माहीत होतं. दिवस माहीत होता. जागा माहीत होती. आपण काय हातात धरलं होतं तेही माहीत होतं.

बारा वर्षांपूर्वीची दुपार. सुटीचा दिवस होता, पण हंगाम ऐन भरात असल्यानं तो घरच्या फोनवरून कामं उरकत होता. बारा जणांच्या एका टोळक्याची धक्क्यावरची जागा ऐन वेळी दुसऱ्याला गेली होती. दार उघडून बायको आत आली. बाहेरून आली होती, खांद्याला पिशवी तशीच. ती दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "ऐक ना, मला जरा..." त्यानं रिसीव्हर न हलवता एक बोट वर केलं. एक मिनिट. ती थांबली. पलीकडचा माणूस काहीतरी मजेचं बोलला, हा मोठ्यानं हसला. तिच्याकडे बघून हसला नाही, पण तिच्याकडे बघत असताना हसला. मग पाठ वळवून त्यानं बंदरांची यादी काढली. फोन खाली ठेवला तेव्हा पाऊण तास झाला होता आणि ती स्वयंपाकघरात कांदा चिरत होती. "काय म्हणत होतीस?" "काही नाही. दूध संपलंय." तो चपला घालून दूध आणायला गेला. जाताना शीळ घालत होता, कारण बारा जणांची सोय झाली होती.

त्या दुपारनंतर अकराव्या दिवशी मेहुणीचा फोन आला. बायको घरी नव्हती. "भावोजी, सुटलो बाई एकदाचे!" ती म्हणाली. "काल तिची साधी गाठ निघाली म्हणून बरं, नाहीतर मला मेलीला आठवडाभर झोप नव्हती. तुम्ही सगळा वेळ तिच्याबरोबर होतात, ती म्हणाली, म्हणून मी आले नाही. नाहीतर आले असते हो." मग तो म्हणाला, "हो ना. सुटलो." मेहुणी आणखी काय काय बोलली. त्यानं "हो, हो" केलं. फोन ठेवल्यावर तो त्याच खोलीत, त्याच खुर्चीत बराच वेळ बसला. तिनं बहिणीला खोटं सांगितलं होतं. त्याला सांभाळून घेतलं होतं की स्वतःची लाज झाकली होती, कळायला मार्ग नव्हता. आणि त्यानं ते खोटं उचलून पुढं नेलं होतं. संध्याकाळी ती आली तेव्हा विचारायचं असं त्यानं ठरवलं होतं. ती आली, चपला काढल्या, हात धुतले, डोळे मिटून बसली. त्यानं चहा केला. दुसऱ्या दिवशी विचारू म्हणाला. दुसऱ्या दिवशी विचारलं असतं तर ते एका दिवसाचं गप्प बसणं झालं असतं. महिन्यानं विचारलं असतं तर महिन्याचं. दर दिवसागणिक ते जड होत गेलं, आणि मग इतकं जड झालं की ते घरातल्या एखाद्या कपाटासारखं वाटायला लागलं. त्याला वळसा घालून जायची पायांना सवय झाली.

त्यानं खाड्यांची वर्तुळं खोडली. खोडरबरानं कागद पातळ झाला. मग त्यानं सात गर्दीची बंदरं शोधायला घेतली, आणि विलक्षण गोष्ट म्हणजे एकतीस वर्षांत कुठल्या गिऱ्हाइकासाठी झटला नसेल एवढा तो या कामाला झटला. ऐन हंगाम, तिथली प्रत्येक जागा हिवाळ्यातच भरलेली. त्यानं जुनी देणीघेणी आठवली, कोणाच्या पुतण्याला काम मिळवून दिलं होतं, कोणाची चूक पदरात घेतली होती. कचेरी सुटल्यावर घरून फोन लावायचा. पहिलं बंदर मिळालं, तिसरं मिळालं. दुसरं अडून बसलं. ते सगळ्यांत मोठं, बेटावरचं, अर्धवर्तुळाकार, कडेनं दुकानांची रांग. तिथला बंदरबाबू बोलायच्या आधी दोनदा खोकायचा, म्हणून त्यानं मनातल्या मनात त्याचं नाव खोकल्या ठेवलं होतं. एकोणीस वर्षांची ओळख, तोंड पाहिलेलं नाही. "खोखो... बोला राजे!" "राजे कसले, आता दोन महिन्यांत राज्य खालसा." "मग जागा कशाला हवी? हिमालयात जा!" "अहो, बायको गर्दी मागतेय." "शाबास! तुमच्या तोंडाकडे बघून कंटाळली असणार!" दोघं खदखदून हसले. हसता हसता त्याला जाणवलं की दार अर्धवट उघडं आहे, आणि बाहेर इस्त्रीचा आवाज थांबला आहे. त्यानं आवाज उतरवला. खोकल्यानं सांगितलं, होईल काहीतरी, पण पाच बोटी एकीला एक बांधाव्या लागतील, चालेल? चालेल, तो म्हणाला.

त्या रविवारी सकाळी सातही जागा पक्क्या झाल्या आणि त्याच्याकडे करण्यासारखं काही उरलं नाही. बायको पलंगावर कपडे काढून ठेवत होती, घ्यायचे एका बाजूला, न घ्यायचे दुसऱ्या. तो दाराच्या चौकटीला टेकला. "एक विचारू?" "विचार." "गर्दीची बंदरं का म्हणालीस?" त्याला उत्तर ठाऊक होतं. टेलिफोनवाल्या बाईंनी ते वीस वर्षांपूर्वीच देऊन ठेवलं होतं. तरी ते तिच्या तोंडून ऐकायचं आणि एकदाचं मोकळं व्हायचं असं त्याला वाटलं. तिनं हातातला स्वेटर झटकला, घडी केली, पुन्हा उलगडला. "तुझा आवाज," ती म्हणाली. "माझा?" "फोनवरचा. दाराआडून ऐकते मी इतकी वर्षं. काय बोलतोस रे त्या लोकांशी! हसतोस काय, टोमणे काय मारतोस. राजे काय, खालसा काय. मला वाटायचं, आत कोणीतरी दुसराच माणूस बसलाय. फोन ठेवून तू बाहेर येतोस तेव्हा तो येतच नाही." तिच्या बोलण्यात धार नव्हती. नाकावर फ्रेम टोचतेय का, असं विचारायची तसाच सूर होता. "म्हटलं, तिथं गेल्यावर ती सगळी माणसं भेटतील तुला. तर एकदा तो माणूस बघावा. शांत जागी गेलो तर तू कोणाशी बोलणार?" ती जरा थांबली. तो 'तुझ्याशी' म्हणेल म्हणून थांबली असावी. "हा घेऊ का?" तिनं स्वेटर वर धरला. "समुद्रावर वारा असेल," तो म्हणाला.

म्हणजे बाईंचं उत्तर चूक होतं. त्याला बरं वाटायला हवं होतं. पण उरलेले सगळे दिवस त्याच्या छातीवर एक धास्ती बसून राहिली, परीक्षेला बसायची असते तशी. अंघोळ करताना तो पुटपुटून बघायचा, "काय राजे, काय म्हणतंय बंदर?" रिसीव्हर हातात नसला की ते शब्द नाटकातल्या पाठांतरासारखे ऐकू यायचे. आरशात बघून म्हणाला तर आणखीच वाईट.

पहिल्या बंदरात त्यांना कोणी भेटलंच नाही. धक्क्यावर एक यंत्र होतं, त्यात क्रमांक टाकला की चिठ्ठी यायची. जो माणूस फोनवर असायचा तो गेल्याच आठवड्यात सोडून गेला, असं पाणीवाल्यानं सांगितलं. कप्तान जाडजूड, पन्नाशीचा, कामापुरतं बोलणारा. बायको नवा चष्मा घालून बाकावर बसली होती आणि येणाऱ्याजाणाऱ्यांकडे बघत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी ते बेटावरच्या मोठ्या बंदरात शिरले. डोलकाठ्यांचं रान होतं. दोर, शिट्या, आईस्क्रीमच्या गाडीची घंटा, ओरडणारी मुलं. ती म्हणाली, "मीही येते तुझ्याबरोबर." बंदराच्या कचेरीत वीसेक माणसं रांगेत होती. त्यांचा नंबर आला. खिडकीच्या मागे एक बुटका, बारीक मानेचा माणूस होता, डोळ्यांखाली काळं. दोनदा खोकला. "बोट? लांबी?" "मी..." तो म्हणाला, आणि कचेरीचं नाव सांगितलं. माणसानं मान वर केली. "अरे! तुम्ही होय!" त्यानं खिडकीतून हात बाहेर काढला. हात मिळवले. हात ओलसर होता. "ही माझी बायको." "हो का. वा." मग दोघं एकमेकांकडे बघत राहिले. एकोणीस वर्षांत या माणसाला नाक कसं असेल याचा त्यानं विचारच केला नव्हता. त्यानं राजे शब्द शोधला. समोरचाही काहीतरी शोधत होता. "प्रवास ठीक झाला?" त्यानं विचारलं. "ठीक झाला." "गर्दी आहे यंदा." "हो, दिसतेय." रांगेत मागे कोणीतरी घसा खाकरला. तेवढ्यात खिडकीतला फोन वाजला. माणसानं रिसीव्हर उचलला, दोनदा खोकला, आणि त्याचा चेहरा उजळला. "बोला सरकार! मेलात की जिवंत आहात!" तो मोठ्यानं हसायला लागला, आणि हसतच त्यानं त्यांची चिठ्ठी खिडकीतून पुढं सरकवली.

धक्क्यावरून परत येताना निम्म्या वाटेवर ती म्हणाली, "तोही तसाच आहे की." तिला राग आला असता तर त्याला सोपं गेलं असतं. ती दमलेली दिसत होती, एखाद्या दुकानाची पाटी वाचून लांबून यावं आणि दुकान बंद असावं तशी.

त्यांची बोट धक्क्याला लागून होती आणि तिच्या पलीकडे आणखी चार बांधलेल्या. त्यामुळे त्या चारही बोटींवरच्या माणसांना किनाऱ्यावर जायला यांच्याच डेकवरून जावं लागायचं. संध्याकाळ होत होती, सगळे फिरायला निघाले होते. हातात चपला घेऊन, "माफ करा हं, जरा जाऊ द्या," म्हणत एकेक जण समोरून जात होता. कप्तान पाव आणायला गेला होता. दोघं मागच्या बाकावर पाय आखडून बसली होती. ती प्रत्येकाला "या, या" म्हणत होती.

"किती वेळ बसली होतीस?" त्यानं विचारलं.

"कुठं?"

"त्या दिवशी. गाठीच्या तपासणीला."

समोरून दोन बायका गेल्या. एकीच्या टोपलीतून पाणी गळत होतं. त्या गेल्यावर ती म्हणाली, "तुला कोणी सांगितलं?"

"तुझ्या बहिणीनं. फोन केला होता तिनं, अकराव्या दिवशी. मी म्हणालो तिला, हो ना, सुटलो."

"म्हणजे तुला माहीत होतं."

"हो."

"बारा वर्षं."

"हो."

तिनं चष्मा काढला, पदरानं काचा पुसल्या, पण डोळ्यांवर चढवला नाही. तिची नजर समोर होती, आणि चष्म्याशिवाय तिला पलीकडचा धक्का नुसता पिवळा पट्टा दिसत असणार हे त्याला ठाऊक होतं. "मी समजत होते तुला माहीत नाही," ती हळू म्हणाली. "म्हणून चालवून घेत होते. ज्याला माहीतच नाही त्याच्यावर काय रागवायचं." एक बाप मुलीला कडेवर घेऊन आला, "जाऊ का?" म्हणाला, गेला. तिनं "या" म्हटलं नाही.

तिनं आता उठून आत जावं असं त्याला वाटलं, आणि ती जाईल अशी भीतीही वाटली. ती उठली नाही. "तीन तास," तिनं सांगितलं. "दहाला बोलावलं होतं. एकला घेतलं. खुर्च्या एकमेकींना जोडलेल्या होत्या, कोणी उठलं की सगळी रांग हलायची. शेजारी एक बाई होती, तिच्याबरोबर तिचा नवरा, दीर, सासू, सगळी वरात. ती मला म्हणाली, तुमचे कुठं गाडी लावतायत का? मी म्हटलं, हो."

"मग?"

"मग काय. नंबर आला. आत गेले. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. कागद बघून म्हणाल्या, काही नाही, साधी गाठ आहे, घरी जा. बाहेर आले तेव्हा कोणाला तरी सांगावंसं वाटत होतं. पहिल्यांदा तुला. तिथला फोन मागून घेतला. एंगेज होता. परत लावला. एंगेज."

तिनं पुढं सांगितलं.

"मग लिफ्टमध्ये शिरले. लिफ्टवाला होता, स्टुलावर बसलेला, म्हातारा. त्याला म्हटलं, काही निघालं नाही हो. तो म्हणाला, बरं झालं बाई. कुठला मजला?"

तिसऱ्या बोटीवरून एक लठ्ठ गृहस्थ धापा टाकत उतरला. बोट हलली, त्याचा तोल गेला, आणि सावरायला त्यानं याच्या खांद्यावर हात टेकला. "जाऊ ना?" त्यानं विचारलं. दोघांनी पाय आणखी जवळ ओढून घेतले.